पाणी न दाखवलेला तंबू

चाचा, आज किरमिच आलं. खरं सुती किरमिच, तंबूचं जाड कापड, हात फिरवला की खरखर करणारं. टेम्पोवाल्यानं गठ्ठा दारात टाकला आणि मी चालतं मशीन सोडून बाहेर पळाले. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बायकांना वाटलं, माहेरचं कुणी आलं. गठ्ठ्याची सुतळी मी दातांनीच तोडली आणि कापडात नाक खुपसलं. तोच वास चाचा, कांजीचा आणि कापसाचा, नांदेडला तुमच्या दुकानाची फळी उघडली की यायचा तो. लातूरला आल्यापासून या हातांखालून नायलॉन किती गेलं, रेक्झिन किती गेलं, त्याला मोजदाद नाही, पण किरमिच एकदाही आलं नव्हतं. पन्नाशी उलटलेली बाई अशी दारात बसून कापड हुंगते हे बघून समोरचा झेरॉक्सवाला हसत होता. हसू दे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "पोरी, कापड हाय ते, नवरदेव न्हाई."

ते कुणासाठी आलंय हे सांगायला मी उतावीळ झाले आहे. पण तुम्हाला मधूनच सुरू केलेली गोष्ट चालत नसे. "टोक धर आधी," म्हणायचात. तर टोक धरते. उमरीजवळच्या आमच्या गावाहून वडील फाटकी ताडपत्री दुरुस्तीला घेऊन आले आणि मी मागोमाग आले, तो दिवस. बारावीला गणितानं माझा निकाल लावला होता आणि घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. तुम्ही ताडपत्री उलगडलीत आणि एका ठिगळावर अंगठा फिरवत विचारलंत, "हे टाके कुणाचे?" वडील शरमले. म्हणाले, "पोरीचे हायत. नापास झाल्यापासून दाभण घिऊन बसती." तुमच्या कानामागे खडू होता. लोक पेन्सिल ठेवतात तिथे तुम्ही कापड आखायचा खडू ठेवायचात आणि त्यानं मेंदी लावलेल्या दाढीची एक बाजू कायम पांढुरकी दिसायची. तो खडू काढून तुम्ही माझ्या ठिगळाभोवती गोल केलात. "समदं उसवावं लागंल," म्हणालात, "पर हात सरळ चाललाय. ठिवता का हिला हितं?" वडील घोटाळले. मावशीचं घर त्याच गल्लीच्या टोकाला होतं, राहायची अडचण नव्हती. पण पोरगी, आणि तेही तंबू-ताडपत्रीच्या दुकानात. तुम्ही आतल्या दाराकडे बोट दाखवलंत. "चाची हाय आत. माझ्या दोन पोरी हायत. ही तिसरी." वडील चहा प्यायले आणि मला तिथेच ठेवून परत गेले.

पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे अंगण, एवढाच तुमचा कारखाना. शिवायच्या दोऱ्याला लावायचं मेण तुम्ही चाचीच्याच चुलीवर वितळवायचात आणि रोज एकच भांडण व्हायचं. चाची ओरडायची, "मेरी पतेली में मोम कायको पिघलारे?" आणि तुम्ही अगदी साळसूदपणे म्हणायचात, "दुसरी पतेली कुठं हाय?" त्यामुळे तुमच्या घरच्या चहाला मेणाचा वास यायचा आणि वर एक पातळ साय धरायची, ती दुधाची नसायची. मी पहिल्या दिवशी तो चहा नाक दाबून प्यायले आणि महिन्याभरात मावशीकडचा चहा मला अळणी लागू लागला. तळहाताला चामड्याची पट्टी बांधून दाभण कसं रेटायचं, दोन काठ एकमेकांत दुमडून दुहेरी शिवण कशी घालायची, सुती दोराच का वापरायचा, हे सगळं तुम्ही शिकवलंत. शिकवलंत म्हणजे काय, तुम्ही करायचात आणि मी बघायची. चुकलं की उसवायला लावायचात. बरं झालं की पुढचं काम द्यायचात. शाब्बास हा शब्द तुमच्या दुकानात मी एकदाही ऐकला नाही. मशीनवर बसणारे दोघे कारागीर म्हणायचे, चाचानं कधी कुणाला कारागीर म्हटलेलं नाही, आम्हालाही नाही. मला मात्र तेच ऐकायचं होतं. गणितात गटांगळ्या खाल्लेल्या पोरीला एकदा, फक्त एकदा, तुमच्या तोंडून ऐकायचं होतं की तिला काहीतरी येतं. खोटं कशाला बोलू, त्यासाठीच मी रोज सगळ्यांच्या आधी येऊन फळी उघडायची.

आणि मग तो बादलीचा किस्सा. आज पुन्हा आठवून हसले. मी शिवलेला पहिला तंबू पुरा झाला होता. तो अंगणात उभा होता आणि तुम्ही नमाजाला निघता निघता म्हणालात, "पोरी, त्याला पाणी दाखव." आम्ही शेतकऱ्याघरचे. आमच्याकडे पाणी दाखवतात ते बैलाला. औतावरून सुटला की त्याच्यासमोर बादली धरायची, हवं तर पितो, नको तर फुंकर मारून तोंड फिरवतो. मला वाटलं, असेल यांच्यात काही रीत, नव्या तंबूला नैवेद्यासारखी. मी बादली भरली, तंबूच्या तोंडाशी नेऊन ठेवली आणि शेजारी उभी राहिले. पदर खांद्यावरून घेऊन, श्रद्धेनं. तुम्ही परत आलात तरी मी उभीच. तुम्ही बादलीकडे बघितलंत, तंबूकडे बघितलंत आणि म्हणालात, "ये बैल है क्या? पियेगा?" मशीनवरचे दोघे खाली वाकून हसले, चाची चूल सोडून बाहेर आली. तुम्ही मात्र हसला नाहीत. बादली उचललीत आणि सगळं पाणी तंबूच्या माथ्यावर ओतलंत, मग दुसरी, मग तिसरी. "आता पील," म्हणालात. नवं किरमिच पाणी पिऊन आटतं, दोरा फुगतो, सुईची भोकं बुजतात. एकदा असं पाणी दाखवून वाळवलं की मगच तंबू गिऱ्हाइकाला द्यायचा, असा तुमचा नेम होता. त्यातच कापताना चूक झाली असेल तर तीही कळायची, कारण आटल्यावर कोपरे ताणतात आणि टराटरा फाटतात.

म्हणून तर कापणं एवढं अवघड. आटेल तेवढं कापड आधीच जास्तीचं सोडावं लागतं. त्याला तुम्ही पाण्याचा हिस्सा म्हणायचात. कमी सोडला तर फाटतो, जास्त सोडला तर तंबूला झोळ येतो आणि झोळात पाणी साचतं. किती सोडायचा असं मी शंभरदा विचारलं असेल, तुमचं उत्तर ठरलेलं, "कापडाला इच्यार." कात्री फक्त तुमच्या हातात. ती काळी, जड कात्री मी एकदा हात लावून बघितली, नुसती बघितली नाही तर मापाचा खाकी कागद तिनं कापला, तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी अजून विसरले नाही. "कागद कापणारी कात्री मग कापड चावती. कागदाला येगळी कात्री हाय ना? लई घाई करून राहिलीस तू." एवढंच. पण त्यानंतर चार-पाच दिवस मी स्वयंपाकघरात चाचीजवळ बसून मेण ढवळत होते.

भूकंप झाला तेव्हा नांदेडला नुसतीच भांडी वाजली. पहाटे मावशीच्या फळीवरचे डबे खडखडले, आम्ही बाहेर आलो, गणपती बोळवून दमलेली सगळी गल्ली अर्धवट झोपेत उभी होती. कुणी हसतसुद्धा होतं. दिवस वर आला तशी किल्लारीकडची बातमी येत गेली आणि हसणारे रेडिओभोवती गोळा झाले. संध्याकाळच्या आत तुमच्या दारात ट्रक लागला, त्यात किरमिचाचे गठ्ठे. मदत गोळा करणाऱ्या माणसांनी तंबू मागितले, जेवढे होतील तेवढे. त्या दिवसांबद्दल उत्साहानं लिहू नये, कळतं मला. माणसं दगडामातीखाली होती. पण चाचा, तुमच्याशी खोटं बोलता येत नाही. माझ्या हातांना तेव्हा जे चढलं होतं त्याला दुसरा शब्द नाही. दाभण थांबत नव्हतं. चाचीनं भांडण मिटवलं, स्वतःहून मोठं पातेलं मेणाला दिलं. अंगणात, दुकानात, रस्त्यावर कापड पसरलं होतं आणि गल्लीतल्या बाया, हिंदूंच्या आणि मुसलमानांच्या, दोऱ्याला मेण लावत ओळीनं बसल्या होत्या. पहिल्या खेपेचे तंबू तुम्ही कापलेत आणि त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये चढलात. "उभा करणारा नसला तर त्यो नुसता कापडाचा ढीग," म्हणालात. जाताना कात्री माझ्या पुढ्यात ठेवलीत. मशीनवरचा एक जण म्हणाला, "चाचा, पोरीच्या हाती कात्री?" तुम्ही म्हणालात, "हाव." बस्स, होकाराचं एक हाव.

मी कापडाला विचारलं. खरंच विचारलं. चिमटीत धरून चोळलं, तोंडाची वाफ देऊन बघितलं, एक तुकडा भिजवून उन्हात टाकला, पण ऊन कुठे होतं, ढगच होते. शेवटी डोळे मिटले, तुमचं बोट खडूच्या रेघेपलीकडे कुठवर सरकायचं ते आठवलं आणि कात्री चालवली. एकदा चालली ती चाललीच. तुम्ही दुसऱ्या खेपेसाठी परत आलात तेव्हा माझे तंबू शिवून दारात रचलेले होते. तुमच्या कपड्यांवर तिकडची काळी माती होती. मी म्हणाले, "चाचा, यांना पाणी दाखवायचं राहिलंय." ट्रकवाला भोंगा वाजवत होता. तुम्ही वरच्या तंबूची शिवण अंगठ्यानं दाबलीत, कोपरा दोन्ही हातांनी ताणलात, माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "तिथं पाऊस लागलाय," आणि तंबू चढवायला लागलात. तुमच्या नेमाचं काय झालं हे विचारायची माझी छाती झाली नाही. ट्रक गेला आणि नांदेडलाही पाऊस सुरू झाला. मी मावशीच्या ओसरीवर बसले आणि प्रत्येक सरीला माझे कोपरे फाटत होते. एखाद्याच्या घराच्या भिंती गेल्या आणि आता माझ्या हातानं छप्पर पण जाणार, एवढंच मनात.

तुम्ही आलात ते तापानं फणफणून. मी दारातच विचारलं, "उभे राहिले का?" तुम्ही म्हणालात, "उभे हायत. चाय सांग." मी चहा सांगितला. आत चाचीच्या शेजारी उकिडवी बसून रडले, हसलेही. पण पुढचं वाक्य ऐकायला मी कान टवकारून बसले होते ते आलंच नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही. माझं लग्न ठरलं, लातूरचं स्थळ. लग्नात सगळ्यांनी भांडी आणली आणि तुम्ही किरमिचात गुंडाळून ती काळी कात्री आणलीत. आमच्याकडच्या बायकांनी कपाळाला हात लावला. "आहेराला कात्री? नातं तुटतं म्हणं." सासूबाईंनी ती कित्येक दिवस लोणच्याच्या बरण्यांमागे लपवून ठेवली. तेव्हाच मला कळायला हवं होतं, कात्री देणारा आणखी काय बोलणार. पण माणसाला कानांनी ऐकायचं असतं. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी बाळंतीण होते, येता आलं नाही. चाचीनं निरोप धाडला होता, रडू नको म्हणून. मी रडले आणि रागावलेसुद्धा. म्हटलं, एक शब्द बोलले असते तर यांची जीभ झिजली असती का.

लातूरचं काय झालंय ते तुम्ही बघायला हवं होतं. आमची गल्ली क्लासांची झाली. सगळ्या मराठवाड्यातून, भोकर, देगलूर, कुठून कुठून पोरं येतात, डॉक्टर-इंजिनिअर व्हायला. घरोघरी खोल्या भाड्यानं, दारोदारी मेस. आणि प्रत्येकाच्या पाठीवर सॅक, सॅकमध्ये धोंड्यासारखी पुस्तकं. पट्टे तुटायचे. मी आधी नुसते तुटके पट्टे शिवून द्यायची, मग स्वतःच्या सॅक शिवायला लागले. आता माझ्याकडे बायका आहेत, मशीनं आहेत, एका क्लासवाल्यानं तर त्याच्या सगळ्या पोरांच्या सॅक माझ्याकडून घेतल्या. माझा पट्टा तुटत नाही चाचा. का ते सांगू? नायलॉन पाण्यानं आटत नाही, त्याला कसला हिस्सा? पण माझा हात ऐकेना. पट्टा शिवणीत जातो तिथे बोटभर जास्त सुटायचंच. क्लासवाला म्हणाला, कापड वाया घालवता. मग पोरांनी पुस्तकं कोंबली आणि बाकीच्यांचे पट्टे उसवले, माझ्या पट्ट्याला धरायला शिवणीत ते बोटभर होतं. माझ्याकडच्या बायका त्याला पुस्तकांचा हिस्सा म्हणतात. नवी सॅक झाली की तिच्यात विटा भरून खुंटीला टांगतात, दिवसभर. आणि या कामाला काय म्हणतात ठाऊक आहे? पाणी दाखवणं. पाण्याचा एक थेंब नाही तिथे. मी शिकवलेलं नाही, माझ्या तोंडून ऐकून ऐकून त्यांच्या तोंडी बसलं.

तर आता गठ्ठा. परवा एक चाळिशीचा माणूस आला. आमच्याच गल्लीत त्याची अभ्यासिका आहे, तीन मजले भरलेत, आता गच्चीवर पोरं बसवायची म्हणतो. गच्चीवर पत्रे घातले तर पावसात असा कडकडाट होतो की पोरं कानात बोटं घालून वाचतात. प्लास्टिक फडफडतं. "ताई, मला किरमिचाचं छत पायजे," म्हणाला. मी विचारलं, किरमिच आजकाल कुणाला आठवतं? तो म्हणाला, "मी पाचवीत होतो तवा भूकंप झाला. आमचं घर पडलं. आजी आणि धाकटी बहीण गेली." मी मशीन थांबवलं. "तंबूत राहिलो आम्ही. त्याच्यावर पाऊस पडला की आवाज कसा, पीठ चाळल्यावानी. त्याच आवाजात मी पुन्हा पुस्तक धरलं. तसलं छत पायजे." मग त्याला एकदम हसू आलं. म्हणाला, तंबू उभा करायला एक म्हातारबा आले होते, भर पावसात खुंट्या ठोकत होते. बापानं विचारलं, टिकंल का ह्यो? दोन रात्री भिजलोय आम्ही. तर म्हातारबा काय म्हणाले ते आमच्या घरात अजून चालतं, बाप मला दहावीच्या पेपरला धाडताना तेच म्हणाला, बारावीला तेच, आता मी अभ्यासिकेतल्या पोरांना तेच म्हणतो.

मी म्हटलं, काय म्हणाले?

त्यानं तुमचा आवाज काढला, चाचा. बरोब्बर नाही जमला, पण काढला. "तंबूला पाणी दाखवलेलं न्हाई. पर ज्या पोरीनं कापलाय, तिचं पाणी म्या बघितलंय."

माझ्या हातात दाभण होतं ते बोटात गेलं. मला कळेना हसू की ओरडू. मी त्याला विचारलं, म्हातारबा दिसायला कसे होते. "दाढीला मेंदी लावलेली," तो म्हणाला. "आणि कानामागं खडू. पावसात खडू विरघळून गालावर आला हुता, त्याचंच मला हसू आलं हुतं. घर गेल्यावर पयल्यांदा हसलो मी." मी त्याला पाणी दिलं, चहा दिला, पुन्हा पाणी दिलं. तो गेल्यावर दार लावलं आणि कात्री छातीशी धरून खोलीभर फिरले. तीस वर्षं, चाचा! मला सांगायचं सोडून तुम्ही ते चिखलात उभ्या असलेल्या एका परक्या माणसाला सांगितलंत! आणि ते वाक्य दुसऱ्यांचीच पोरं परीक्षेला पोचवत माझ्याच गल्लीत फिरत होतं आणि मी इथे तुमच्यावर रुसून बसले होते. मशीनवरच्या बायकांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, पास झाले.

काल अभ्यासिकेची गच्ची मोजून आले. आज कापड आलं. खडूनं आखून झालंय, तो खडू आता माझ्या कानामागे आहे. पाण्याचा हिस्सा किती सोडायचा हे मी सकाळपासून कापडाला विचारते आहे आणि बहुतेक ते सांगतंय. हे लिहिलं ते मापाच्या खाकी कागदावर, दुसरा हाताशी नव्हता. टपालात टाकायला तुमचा पत्ता कुठे आहे? उद्या कोपऱ्यांच्या ठिगळांचा नमुना याच कागदातून कापणार आहे. कागदाच्या कात्रीनं कापीन, काळजी नको. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. ती पोरगी मीच, हे मी त्या माणसाला अजून सांगितलेलं नाही. जीभ नुसती शिवशिवते आहे. पण आधी छताला पाणी दाखवते, मग सांगते.